कुलपाची परीक्षा खोट्या किल्लीने

बाजारात नवे कुलूप घेताना आपण काय करतो? दुकानदाराने दिलेली किल्ली लावतो, फिरवतो, कुलूप उघडते. पुन्हा दाबतो, ते लागते. कुलूप चांगले आहे म्हणून पैसे मोजतो आणि घरी येतो. त्या कुलपाला शेजारच्या कुलपाची किल्ली लावून कोणी पाहत नाही. वास्तविक आपली किल्ली आपल्याला आत सोडतेच. दार सताड उघडे असते तरी आपण आत गेलोच असतो. कुलपाची किंमत आपण मोजतो ती ते दुसऱ्याच्या किल्लीला ‘नाही’ म्हणते म्हणून. आणि नेमकी तेवढीच गोष्ट तपासायची राहून जाते.

संगणकाच्या कुलपांबाबत हीच गफलत जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांकडून झालेली आहे. विषय जरा तांत्रिक आहे, पण आपल्या धंद्याला आता परका राहिलेला नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झाले. विवरणपत्रे, बँकेचा भरणा, ऑर्डर, बिलटी हे सगळे इंटरनेटवरून जाते. पुष्कळ पेढ्या आणि लहान कारखाने आपला बिलाचा किंवा ऑर्डरचा प्रोग्राम ओळखीच्या एखाद्या मुलाकडून नाहीतर लहानशा कंपनीकडून करून घेतात. प्रोग्राम चालला की पैसे चुकते होतात. तो योग्य वेळी अडतो की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. ते कसे विचारावे आणि कसे तपासावे, याचा खुलासा येथे करीत आहोत.

सॉकेट आणि त्यावरचे कुलूप

दोन संगणकांवरचे दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलतात तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक टोक असते. त्या टोकाला सॉकेट म्हणतात. टेलिफोनचा रिसीव्हर समजा. साध्या सॉकेटवरचे बोलणे वाटेत कोणीही ऐकू शकतो, आणि पलीकडे बोलणारा कोण याची काहीच खात्री नसते. म्हणून त्यावर कुलूप चढवण्याची पद्धत निघाली. १९९५ साली नेटस्केप कंपनीने ती एसएसएल या नावाने बाहेर आणली. १९९९ पासून तिला टीएलएस म्हणू लागले. २०१८ साली तिची १.३ ही आवृत्ती आली.

या कुलपाची कामे दोन. पहिले, मजकूर सांकेतिक करणे. दुसरे, समोरचा माणूस खरोखर तोच आहे का याची खातरजमा करणे. दुसरे काम झाले नाही तर पहिले फुकट जाते, कारण चोराशीच सांकेतिक भाषेत बोललो तर तो चोर सगळे समजून घेणारच.

जुन्या पेढ्यांवर शाहजोग हुंडी चालत असे. तिची रक्कम वाटेल त्याच्या हातात मोजायची नसे. आणणारा ऐपतदार आणि ओळखीचा शाह आहे, याची चौकशी मुनीम आधी करी. टीएलएसमध्येही अशीच चौकशी होते. समोरचा संगणक आपली ओळखचिठ्ठी दाखवतो, तिला सर्टिफिकेट म्हणतात. ती पाहणाऱ्याने चार गोष्टी तपासायच्या असतात:

१. चिठ्ठीवर शिक्का मारणारा जामीन आपल्या विश्वासाच्या यादीतला आहे का?

२. चिठ्ठीची मुदत चालू आहे का?

३. चिठ्ठीवरचे नाव आणि आपण ज्याला हाक मारली ते नाव एकच आहे का?

४. चिठ्ठी दाखवणाऱ्याजवळ तिची गुप्त किल्ली आहे का? सर्टिफिकेट हा उघड कागद असतो, त्याची नक्कल कोणालाही मिळते. म्हणून समोरच्याकडून तेथल्या तेथे दस्तखत करून घ्यावे लागते, आणि ते दस्तखत गुप्त किल्लीवाचून करता येत नाही.

चारांपैकी एकही गोष्ट चुकली तर जोडणी तोडायची, हा नियम. प्रोग्राममध्ये चूक आढळल्यावर काय करायचे हे सांगणाऱ्या भागाला चूक-हाताळणी म्हणतात. रोजच्या कामात हा भाग चालतच नाही, कारण रोज येणारी चिठ्ठी खरीच असते. वर्षानुवर्षे न वापरलेल्या मागच्या दाराची कडी जशी गंजते, तसे या भागाचे होते.

ॲपलची एक जादा ओळ

२१ फेब्रुवारी २०१४ रोजी ॲपल कंपनीने आपल्या आयफोनसाठी घाईने दुरुस्ती काढली. चार दिवसांनी मॅक संगणकांसाठीही काढली. चूक कोणती होती? प्रोग्रामची एकच ओळ दोनदा लिहिली गेली होती.

वर सांगितलेली चौथी तपासणी, म्हणजे दस्तखताची, त्या ठिकाणी पायरीपायरीने चालत असे. प्रत्येक पायरीवर लिहिलेले होते: येथे काही बिघडले असेल तर ‘फेल’ नावाच्या दाराने बाहेर जा. त्यातल्या एका पायरीखाली ‘गोटू फेल’, म्हणजे ‘फेलच्या दाराने जा’, ही ओळ दोनदा आली. पहिलीला ‘बिघडले असेल तर’ ही अट लागू होती. दुसरीला कोणतीच अट नव्हती. त्यामुळे काही बिघडलेले नसतानाही प्रोग्राम दर वेळी तेथूनच बाहेर पडू लागला, आणि दस्तखताची शेवटची, खरी तपासणी त्या दाराच्या पलीकडे राहून गेली.

यातला बारकावा पाहा. दाराचे नाव ‘फेल’ असले तरी बाहेर जाताना निकालाची जी चिठ्ठी हातात असे तीच पुढे दाखवली जाई. आतापर्यंत काही बिघडले नसल्यामुळे त्या चिठ्ठीवर ‘सर्व ठीक’ असे लिहिलेले होते. म्हणजे उमेदवार नापासाच्या दाराने बाहेर आला, पण हातात पासाचा दाखला घेऊन आला. परिणाम असा की, एखाद्या हॉटेलात किंवा विमानतळावर त्याच वायफायवर बसलेला दगाबाज तुमच्या बँकेची नक्कल चिठ्ठी दाखवू शकला असता, आणि दस्तखत खोटे असूनही फोनने ते कबूल केले असते. २०१२ साली आलेल्या आयओएस ६ मध्येही ही चूक होती.

इतके दिवस ती कोणाच्या लक्षात का आली नाही? कारण खऱ्या बँका, खरी दुकाने, खरी टपाल-खाती सगळी व्यवस्थित उघडत होती. खऱ्या किल्लीने कुलूप उघडत होते. खोट्या किल्लीनेही ते उघडते, हे खोटी किल्ली लावल्याशिवाय कळण्याचा मार्गच नव्हता.

तिसरे उत्तर

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे, आणि व्यापाऱ्याला तो चटकन कळेल. समजा, परगावच्या गोदामातला माल पाहायला आपण माणूस पाठवला. मुनिमाला सांगितले, माल खोटा निघाला तर पैसे देऊ नको. माणूस परत आला आणि म्हणाला, “गोदामाला टाळे होते, माल पाहताच आला नाही.” मुनिमाने विचार केला, ‘खोटा’ असे तर हा म्हणाला नाही. आणि पैसे देऊन टाकले.

ओपनएसएसएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात हेच घडले. दस्तखत तपासणारे त्यातले फंक्शन तीन उत्तरे देत असे: १ म्हणजे दस्तखत खरे, ० म्हणजे खोटे, आणि उणे १ म्हणजे तपासणीच पार पडली नाही. ते विचारणाऱ्या प्रोग्राममध्ये फक्त एवढेच पाहिले होते की उत्तर शून्य आहे का. सी भाषेचा रिवाज असा की शून्य म्हणजे ‘नाही’, बाकी कोणताही आकडा ‘होय’. सबब उणे १ हेही ‘होय’ ठरले. दगाबाजाने खोटे दस्तखत न करता मुद्दाम वेडेवाकडे, वाचताच न येणारे दस्तखत पाठवायचे, की काम फत्ते. गूगलच्या सुरक्षा पथकाने ही गोष्ट दाखवून दिली आणि ७ जानेवारी २००९ रोजी तिची जाहीर सूचना व दुरुस्ती निघाली. डीएसए आणि ईसीडीएसए या जातीच्या किल्ल्यांना हा दोष लागू होता.

पाच वर्षांनी तोच धडा पुन्हा मिळाला. ग्नूटीएलएस नावाचे असेच दुसरे साधन लिनक्सवर वापरले जाते. ३ मार्च २०१४ रोजी त्याची दुरुस्ती जाहीर झाली. सर्टिफिकेट तपासणाऱ्या भागाने ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगायचे होते. पण मध्येच अडचण आली तर तो उणे आकडा परत देई, आणि तो ‘होय’ समजला जाई. रेड हॅट कंपनीसाठी केलेल्या तपासणीत हे सापडले.

तात्पर्य, प्रत्येक तपासणीला दोन नव्हे, तीन उत्तरे असतात: होय, नाही, आणि ‘तपासता आले नाही’. पैशाच्या बाबतीत तिसरे उत्तर नेहमी ‘नाही’च्या खात्यावर टाकावे. ‘खोटा नसेल तर द्या’ असा हुकूम न देता ‘खरा असेल तरच द्या’ असा द्यावा. वाक्ये सारखी वाटतात, पण चोर आत येतो तो या दोन वाक्यांच्या मधल्या फटीतूनच.

दुकानांच्या प्रोग्रामात काय सापडले

वरच्या चुका साधने बनवणाऱ्यांच्या होत्या. साधन चांगले असूनही ते वापरणाऱ्याने बिघडवले, असेही होते. २०१२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड आणि टेक्सास (ऑस्टिन) विद्यापीठांतील संशोधकांनी ब्राउझर सोडून इतर प्रोग्राम तपासले. ॲमेझॉन आणि पेपाल यांनी व्यापाऱ्यांना पैसे स्वीकारण्यासाठी दिलेल्या प्रोग्राम-संचांत, तसेच ओएसकॉमर्स, झेनकार्ट, प्रेस्टाशॉप अशा इंटरनेटवरच्या दुकानांच्या प्रोग्रामांत सर्टिफिकेटची तपासणी अपुरी किंवा बंद असल्याचे त्यांना आढळले.

त्यातला एक प्रकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. कर्ल नावाच्या साधनात नाव जुळवण्याच्या तपासणीसाठी आकडा द्यावा लागे. २ दिले तर चिठ्ठीवरचे नाव जुळवून पाहिले जाई. १ दिले तर चिठ्ठीवर काहीतरी नाव आहे, एवढेच पाहिले जाई. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी भल्या हेतूने ‘तपासणी करायची का? होय’ असे लिहिले. संगणकाने त्या ‘होय’चे १ केले. मालकाला वाटले कुलूप लागले, प्रत्यक्षात कडी नुसती लोटलेली होती. पुढे नोव्हेंबर २०१२ च्या आवृत्तीपासून कर्लने १ हा आकडा चुकीचा ठरवला आणि २०१९ पासून १ आणि २ यांचा अर्थ एकच केला.

त्याच वर्षी जर्मनीतील हॅनोव्हर आणि मारबुर्ग विद्यापीठांच्या संशोधकांनी अँड्रॉइड फोनची १३,५०० मोफत ॲप पाहिली. त्यांतल्या १,०७४ ॲपमध्ये तपासणीचा भाग संशयास्पद होता. पैकी १०० ॲप त्यांनी प्रत्यक्ष खोटी चिठ्ठी दाखवून पाहिली, तेव्हा ४१ फसली.

परीक्षा कशी घ्यावी

आता मुख्य मुद्दा. प्रोग्राम करून देणाऱ्याने पुढील परीक्षा घ्याव्यात आणि आपण त्या घेतल्याची खात्री करावी.

पहिली परीक्षा, खोट्या चिठ्ठ्यांची. आपल्याच संगणकावर छोटा नकली सर्व्हर उभा करावा आणि त्याच्या हाती चार चिठ्ठ्या द्याव्यात: मुदत संपलेली, दुसऱ्याच्या नावाची, स्वतःच स्वतःवर शिक्का मारलेली, आणि अनोळखी जामिनाची. पथ्य एकच: एका चिठ्ठीत एकच खोट ठेवावी. मुदतही संपलेली आणि नावही दुसरे, अशी चिठ्ठी नाकारली गेली तर कोणत्या तपासणीने नाकारली हे कळत नाही. कदाचित दुसरी तपासणी मेलेलीच असेल. इन्कार झाला एवढ्यावर थांबू नये, इन्कार योग्य कारणाने झाला का, हेही पाहावे. शेवटी एक खरी चिठ्ठी लावून पाहावी, कारण सगळ्यांनाच नाकारणारे कुलूपही निकामी. ज्याला सर्व्हर उभा करणे जमत नाही त्याच्यासाठी इंटरनेटवर बॅडएसएसएल हे तयार ठिकाण आहे. तेथे अशा खोट्या चिठ्ठ्या मुद्दाम टांगून ठेवल्या आहेत.

दुसरी परीक्षा, सर्व्हरच्या बाजूने पाहण्याची. पडद्यावर ‘जोडणी झाली नाही’ असे आले म्हणून समाधान मानू नये. नकली सर्व्हरच्या वहीत काय उतरले ते वाचावे. पासवर्ड, ऑर्डर किंवा खातेक्रमांक यांतले एक अक्षरही तेथे पोचलेले असता कामा नये. आधी सगळे सांगून टाकायचे आणि मग ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारायचे, असे वागणारे प्रोग्रामही असतात.

तिसरी परीक्षा, खोट्या दस्तखताची. ही अवघड. ॲपलच्या चुकीबद्दल लिहिताना गूगलचे ॲडम लँगली यांनी दाखवून दिले की, ती परीक्षेत सापडली असती, पण तशी परीक्षा घ्यायला मुद्दाम खोटे बोलणारा वेगळा सर्व्हरच लागतो. पुढे त्याच वर्षी गूगलने बोरिंगएसएसएल हे आपले साधन वेगळे काढले, तेव्हा परीक्षेसाठी असा लबाड जोडीदार तयार केला. गो भाषेतल्या टीएलएसची नक्कल घेऊन तिला नाना प्रकारच्या खोड्या शिकवल्या: चुकीचे दस्तखत कर, पायरी गाळ, एकच निरोप दोनदा पाठव. प्रत्येक खोडीला साधनाने अडलेच पाहिजे. लहान प्रोग्रामवाल्याने एवढे करण्याची गरज नाही. त्याने ज्याची अशी परीक्षा होते ते नामांकित साधन जसेच्या तसे, ताज्या आवृत्तीत वापरावे आणि स्वतःची कलाकुसर करू नये.

चौथी परीक्षा, तिसऱ्या उत्तराची. ‘तपासता आले नाही’ ही स्थिती मुद्दाम आणावी लागते. स्वीडनचे डॅनिएल स्टेनबर्ग यांच्या कर्लमध्ये याची सुरेख तजवीज आहे, तिला ते छळ-परीक्षा म्हणतात. प्रोग्राम चालताना तो संगणकाकडे स्मृतीची जागा जितक्या वेळा मागतो तितक्या मागण्या आधी मोजतात. मग पुन्हा चालवून पहिली मागणी नाकारतात, पुन्हा चालवून दुसरी नाकारतात, असे शेवटपर्यंत. प्रत्येक वेळी प्रोग्रामने सभ्यपणे माघार घेतली पाहिजे. कोसळता किंवा घेतलेली जागा अडवून ठेवता कामा नये.

पाचवी परीक्षा, मध्येच तुटण्याची. आपल्या पत्राच्या शेवटी ‘कळावे’ येते, त्यावरून पत्र पुरे झाले हे समजते. टीएलएसमध्येही बोलणे संपवताना असा निरोप द्यायचा असतो. तो न येता तार तुटली, आणि मजकूर किती येणार हेही आधी कळलेले नसेल, तर आलेला मजकूर अर्धवट समजावा. शंभर ओळींच्या ऑर्डरपैकी साठ ओळी आल्या आणि प्रोग्रामने त्यालाच पुरी ऑर्डर समजून माल बांधायला सांगितला, तर वाटेत बसलेल्याने एक अक्षरही न वाचता नुकसान केले. म्हणून नकली सर्व्हरने मजकुराच्या मध्यावर तार तोडून पाहावी. तसेच जोडणी घेऊन मग गप्प बसून पाहावे. ठरलेल्या वेळेनंतर प्रोग्रामने वाट पाहणे सोडलेच पाहिजे, नाहीतर एका मुक्या सर्व्हरपायी सारी पेढी खोळंबते.

सहावी परीक्षा, इन्कारानंतरच्या स्थितीची. हजार खोट्या जोडण्या लागोपाठ करून पाहाव्यात. दर वेळी नकार दिल्यावर सॉकेट बंद न करणारा प्रोग्राम हळूहळू सगळी टोके अडवून बसतो. लिनक्सवर एका प्रोग्रामला साधारणपणे १,०२४ फायली व सॉकेट उघडण्याची मर्यादा असते. ती भरली की खऱ्या गिऱ्हाईकालाही दार बंद होते. तसेच एका खोट्या जोडणीनंतर लगेच खरी जोडणी करावी. ओपनएसएसएल चुकांची नोंद एका रांगेत ठेवते. ती रांग प्रोग्रामने साफ केली नाही तर मागच्याचा कसूर पुढच्याच्या माथी बसू शकतो. कालची परत आलेली हुंडी आजच्या फाइलीत राहावी, तसे हे आहे.

सातवी परीक्षा, परीक्षेचीच. सगळे झाल्यावर प्रोग्रामच्या एका प्रतीत मुद्दाम बिघाड करावा. एखादी तपासणी काढून टाकावी, किंवा ॲपलसारखी जादा ओळ घालावी, आणि सर्व परीक्षा पुन्हा चालवाव्यात. एकही परीक्षा ओरडली नाही तर तिकडे कुलूप नाही आणि इकडे पहारेकरीही झोपलेला आहे, असे समजावे.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली पाच मोठ्या प्रणालींतील १९८ बिघाड तपासले. त्यांतले जे सर्वनाशी होते त्यांपैकी ९२ टक्के बिघाडांत मूळ चूक मामुली होती आणि प्रोग्रामला ती कळलेलीही होती. कळल्यावर काय करायचे तेथे तो चुकला. ५८ टक्के सर्वनाशी बिघाडांचे मूळ तर चूक-हाताळणीच्या साध्या परीक्षेत सापडण्यासारखे होते.

पैसे गेले की नाही गेले?

तिसऱ्या उत्तराचा एक प्रकार व्यापाऱ्याच्या थेट खिशाशी संबंधित आहे. पैसे भरण्याचा हुकूम बँकेकडे गेला आणि उत्तर यायच्या आत तार तुटली. पैसे गेले का? ‘होय’ म्हणता येत नाही, ‘नाही’ही म्हणता येत नाही. अडाणी प्रोग्राम याला ‘नाही’ समजून हुकूम पुन्हा पाठवतो आणि रक्कम दोनदा जाते. शहाणा प्रोग्राम प्रत्येक हुकमाला आधीच एक क्रमांक देतो, तार तुटल्यावर त्याच क्रमांकाची चौकशी करतो, आणि समजेपर्यंत रोजकीर्दीत ‘प्रलंबित’ लिहून ठेवतो. ओळखीच्या खात्रीत तिसरे उत्तर ‘नाही’ समजावे; पाठवलेल्या पैशाच्या बाबतीत मात्र ते ‘विचारून घ्या’ असे समजावे. ही परीक्षाही नकली सर्व्हरवर होते: त्याने हुकूम घ्यावा, वहीत लिहावा, आणि उत्तर न देता तार तोडावी. मग वहीत तो हुकूम एकदाच उतरला आहे की दोनदा, हे मोजावे.

मालकाची जबाबदारी

शेवटी आपल्याच बाजूचे खरे बोलले पाहिजे. ही कुलपे पुष्कळदा मालकाच्या घाईपायी उघडी राहतात. संध्याकाळी ट्रक भरून उभा असतो. समोरच्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत आजच संपलेली असते आणि आपला प्रोग्राम, आपले काम इमानाने करीत, जोडणी नाकारतो. मालक मुलाला फोन करतो: “काहीही कर, पण चालू कर.” मुलगा तपासणीच बंद करतो. सारे धडाधड चालू लागते, ट्रक निघतो, सगळे खूश होतात. ती तपासणी पुन्हा चालू करायची आठवण मग कोणालाच राहत नाही, कारण बंद तपासणी कधी तक्रार करीत नाही.

अशा वेळी बरोबर उपाय म्हणजे समोरच्याला मुदत वाढवलेले सर्टिफिकेट लावायला सांगणे, आणि तोवर काम फोनवर किंवा कागदावर उरकणे. एका ट्रकचा उशीर परवडतो, पण कोणालाही ‘होय’ म्हणणारे कुलूप परवडत नाही.

प्रोग्राम करून देणाऱ्याला पुढील पाच प्रश्न विचारावेत. खोटे सर्टिफिकेट दाखवल्यावर प्रोग्राम काय करतो, ते आमच्यासमोर करून दाखवाल का? तपासणी बंद करण्याची सोय प्रोग्राममध्ये कोठे ठेवली आहे का, आणि ती कोणाच्या हातात आहे? कुलूपबंद जोडणी झाली नाही तर प्रोग्राम गुपचूप साध्या जोडणीवर तर जात नाही ना? पैसे पाठवताना तार तुटली तर हुकूम दोनदा जाणार नाही, हे कशावरून? आणि साधनाची दुरुस्ती निघाल्यावर ती कोण आणि किती दिवसांत बसवणार?

पहिल्या प्रश्नाला कोणी “साहेब, बेफिकीर राहा, आजवर कधी तक्रार आली नाही” असे म्हणाला, तर ॲपलकडेही तक्रार आलेली नव्हती, हे त्याला सांगावे. संगणकाचे ज्ञान नसले तरी ही खातरजमा आपल्याला करता येते. त्याला नकली सर्व्हर लावायला सांगावे, शेजारी खुर्ची टाकून बसावे, आणि प्रोग्राम ‘नाही’ म्हणालेला आपल्या डोळ्यांनी पाहून मगच बिल चुकते करावे.